भाडेकरू निघत नाही? कुलूप घेऊन जाऊ नका भाऊ

तालुक्याच्या कोर्टासमोर आमचं झेरॉक्स अन् टायपिंगचं दुकान आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, नाव नाही सांगत, कारण ज्यांच्या गोष्टी सांगणार आहे ते उद्या दुकानात येऊन भांडतील. वकिलांचे दावे, नोटिसा, ॲफिडेव्हिट, पुरसीस (पक्षकारानं कोर्टाला लिहून द्यायचं निवेदन) सगळं आमच्याकडेच टाईप व्हायला येते, त्यामुळे कायदा शिकलो नाही तरी बोटांना पाठ झाला. मी वकील नाही हे आधीच सांगून ठेवतो, तुमच्या केसमधे काय करायचं ते तुमचा वकीलच सांगेल. पण वकिलाकडे जायच्या आधी माणूस जे करून बसते ना, त्याच्याबद्दल लय दिवसांपासून लिहायचं होतं.

घरमालक दुकानात येते तं बहुतेक एकच वाक्य घेऊन येते. "दोन ओळीची नोटीस टाईप करून दे, आठ दिवसात खोली खाली कर नाही तं सामान रस्त्यावर फेकीन म्हणून." टाईप करायला माझं काय जाते, पानाचे पैसे घेतो अन् देतो. पण असा कागद भाडेकरूच्या वकिलाच्या हाती लागला की तो खूशच होते, कारण मालकानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की मी कायदा हातात घेणार आहे. मनाई हुकूम मागायला मग दुसरा पुरावा शोधायची गरजच नाही पडत. म्हणून मी आता विचारतो, काका ही धमकी आहे की नोटीस? अर्धे लोक चिडतात, अर्धे बसून पाणी पितात.

मागच्या उन्हाळ्यात एका काकांनी तं नोटीसही नाही दिली. फाट्यावर त्यांच्या दोन खोल्या, समोरच्या खोलीत भाडेकरूचं मोबाईल रिपेअरिंग, मागच्या खोलीत त्याचा संसार. भाडं थकलं होतं, बोलाचाली झाली होती, अन् भाडेकरू बायको-पोरांना घेऊन साळ्याच्या लग्नाला गेला तं काकांनी त्याच्या कुलपावर आपलं कुलूप ठोकलं, वरून लाईनही कापली, मीटर त्यांच्याच नावावर होतं म्हणून. त्यांना वाटलं झालं काम. भाडेकरू लग्नाहून आला, ठाण्यात गेला, तिथं सांगितलं दिवाणी बाब आहे कोर्टात जा, मग तो कोर्टात आला अन् त्याचा दावा मीच टाईप केला. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ चं कलम ६. हे कलम असं आहे की कोणाचा ताबा त्याच्या मर्जीविरुद्ध, कायद्याचा रस्ता सोडून काढून घेतला असेल तं तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकते, अन् ह्या दाव्यात मालक कोण हे कोर्ट पाहतच नाही. काका नमुना ८ चा (घरटॅक्सचा) उतारा, टॅक्स पावत्या, बापाच्या नावाचं खरेदीखत अशी पिशवी भरून घेऊन आले, तं वकील म्हणाले काका हे सगळं खरं आहे पण इथं कामाचं नाही. वर ह्या कलमाखालच्या निकालावर अपीलही नाही. शेवटी आपल्याच खोलीची चाबी आपल्याच हातानं त्याला परत द्यावी लागली, अन् थकलेलं भाडं, ज्याच्यावरून सगळं सुरू झालं, ते बाजूलाच राहून गेलं.

लाईट-पाण्याचंही तेच. जिथं भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथं कलम २९ सरळ सांगते की अत्यावश्यक सेवा मालकानं विनाकारण तोडायच्या नाहीत, कोर्ट जोडून द्यायला लावते अन् शिक्षेची तरतूदही आहे. जिथं तो कायदा लागू नाही तिथं भाडेकरू मनाई हुकूम आणते. म्हणजे दोन्हीकडून मालकाचाच पाय खड्ड्यात.

आता मजा अशी आहे की त्या काकांची केस कायद्यानं लय सोपी होती. शहरातल्या मालकापेक्षा सोपी. कारण त्यांचं गाव ग्रामपंचायतीचं, अन् खेड्यातल्या मालकाला हे कोणी सांगतच नाही. ज्याच्याकडे सगळ्यात सरळ रस्ता आहे तोच सगळ्यात आधी कुलूप आणायला धावते, हे पाहून पाहूनच हा लेख लिहायला बसलो.

थोडं मागे जातो. आमच्या विदर्भात जुन्या लोकांच्या डोक्यात अजून रेंट कंट्रोलर, म्हणजे भाड्याची प्रकरणं पाहणारा सरकारी अधिकारी, बसलेला आहे. पारावर कोणी ना कोणी म्हातारा सांगतेच, "आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढ लागते बापा, तेच्याबिगर नोटीस चालत नाई." त्याचं चूक नाही, त्याच्या काळात तसंच होतं. सी.पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाऊसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर १९४९ असं लांबलचक नाव होतं त्याचं. आधी रेंट कंट्रोलरसमोर अर्ज, तिथं कारण सिद्ध करा, परवानगी मिळाली की मग नोटीस, अन् नोटीस देऊनही नाही निघाला तं दिवाणी कोर्टात दावा. म्हणजे एकाच खोलीसाठी दोन लढाया. मुंबईकडे १९४७ चा वेगळा कायदा होता, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा. हे तिन्ही गुंडाळून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आणला अन् तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तेव्हापासून परवानगीचा टप्पा गेला, सरळ कोर्ट. तरी अजूनही कोणी कोणी कलेक्टर ऑफिसात अर्ज टाकून उत्तराची वाट पाहत बसते.

पण हा १९९९ चा कायदा सगळ्या गावांना लागू नाही. त्याला अनुसूच्या म्हणजे याद्या जोडलेल्या आहेत, त्यात जी शहरं-गावं आहेत तिथं तो लागू, अन् जिथं जुना कायदा लागू होता तिथल्या तेव्हापासून भाड्यानं असलेल्या जागांना लागू. नगरपरिषदेच्या गावात राहत असाल तं तो लागू आहे असंच धरून चाला अन् वकिलाकडून अनुसूची तपासून घ्या. आडवळणाचं ग्रामपंचायतीचं खेडं असेल तं बहुतेक तो लागू नसते, अन् मग तुमचा कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, ज्याला कोर्टात सगळे टीपी ॲक्ट म्हणतात.

फरक काय? लय मोठा फरक आहे. टीपी ॲक्टमधे महिन्याचं भाडं असेल तं कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस द्या, मुदत संपली की भाडेकरार संपला, कारण सांगायचीही गरज नाही. मला जागा नको द्यायची, बस. १९९९ च्या कायद्यात मात्र कारण पाहिजे अन् ते कारण सिद्ध झालं पाहिजे. भाडं थकवलं, जागेची नासधूस केली, न विचारता पक्कं बांधकाम केलं, दुसऱ्यालाच पोटभाड्यानं दिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास दिला, सहा महिने जागा विनाकारण बंद ठेवली, किंवा मालकाला खरंच स्वतःसाठी जागा पाहिजे, अशी कारणं कलम १५ अन् १६ मधे आहेत. त्याच्या बाहेरचं कारण चालत नाही. भाव वाढला म्हणून, दुसरा जास्त देते म्हणून, तोंड पाहावंसं वाटत नाही म्हणून, हे नाही चालत.

मधात एक गंमत सांगतो. तुमच्या मोक्याच्या जागेत बँकेची शाखा भाड्यानं असेल तं कलम ३ प्रमाणे १९९९ चा कायदा बँकेला संरक्षण देत नाही, एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांनाही नाही. म्हणजे नगरपरिषदेच्या गावातही तिथं टीपी ॲक्टच. गरीब टेलरला काढायला कारण लागते, बँकेला काढायला पंधरा दिवसांची नोटीस. पण आमच्याकडे बँक काढायला कोणी जात नाही, बँकेचं भाडं वेळेवर येते ना.

आता कागदाचं. आमच्याकडे नव्वद टक्के भाडं तोंडी चालते असं मी म्हणीन, मोजलं नाही, पण दुकानात जे येते त्यावरून. तोंडी भाडं म्हणजे भाडेकरू नाहीच, असं समजू नका. महिन्याचं भाडं तोंडी ठरलं अन् चाबी दिली की झाला तो भाडेकरू. १९९९ चा कायदा लागू असलेल्या गावात तं कलम ५५ आहे, करार लेखी अन् रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाही केला तं पाच हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण खरी मार दुसरीच आहे, करार नसेल तं अटी काय होत्या ह्याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरल्या जाते, खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. तुम्ही म्हणता भाडं तीन हजार, तो म्हणते आठशे. बसा मग साक्षीदार शोधत.

स्टँपवर लिहून नोटरी केलं की रजिस्टर झालं असं समजणारे लोक रोज येतात. शंभराच्या स्टँपवर अकरा महिन्यांचा करारनामा (२०२४ च्या शेवटापासून तो पाचशेचा झाला), खाली नोटरीचा गोल शिक्का, लाल चिकट तिकिटं, दिसायला एकदम भारी. ते रजिस्ट्रेशन नाही. रजिस्ट्रेशन म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंद, अन् लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरू न करता ठरल्या मुदतीपुरती वापरायची परवानगी) असेल तं आता आधार अन् अंगठ्यावर ऑनलाईनही होते. खर्चही काही जमीन विकावी असा नाही, स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० अन् शहरी भागात १०००. हा एवढा खर्च वाचवून पुढं माणूस कोर्टात किती घालवते ते मी समोरून पाहतो.

लिव्ह अँड लायसन्सचा फायदा असा की १९९९ च्या कायद्यात कलम २४ आहे, राहायला दिलेल्या जागेची मुदत संपली अन् माणूस नाही निघाला तं सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, मुदत संपल्यापासून निघेपर्यंत दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते, अन् त्याला बचाव करायलाही आधी परवानगी मागावी लागते, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत. पण हे राहायच्या जागेसाठी, दुकानाच्या गाळ्यासाठी नाही, हे लोक हमखास विसरतात. अन् तुमच्या भागाचा सक्षम प्राधिकारी कुठं बसते ते आधीच विचारून घ्या.

तोंडी व्यवहार आहे अन् आता भांडण झालं, मग पुरावा आणायचा कुठून? मोबाईलमधून. आजकाल खेड्यातही भाडं फोनपेवर येते, अन् "भाऊ या महिन्याचं थांबा जरा, कापूस विकल्या गेला की देतो" असा व्हॉट्सॲप मेसेज असते. हा मेसेज सोन्यासारखा आहे, डिलीट करू नका, मोबाईल बदलला तं जुना फेकू नका. त्यात त्यानं तीन गोष्टी एकदम कबूल केल्या, तो भाडेकरू आहे, भाडं महिन्याचं आहे, अन् थकलं आहे. त्याची प्रिंट कोर्टात लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागते, आधी ते ६५-बी होतं, जुलै २०२४ पासून कलम बदललं. नुसता स्क्रीनशॉट काढून आणला की वकील ओरडते, ते ओरडणं मी ऐकतो.

बारा वर्षांचं भूत पण काढून टाकू. "बारा वर्षं राह्यला का घर तेच्या नावावर होते" हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे अन् चूक आहे. परवानगीनं राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी तेवढ्यानं मालक होत नाही, अन् भाडेकरूला भाड्यानं राहता राहता तुम्ही मालकच नाही असं म्हणता येत नाही. बारा वर्षं आहेत ती दुसरीकडे आहेत, मुदत कायद्यात. नोटीस देऊन भाडेकरार संपवला की तिथून बारा वर्षांच्या आत ताब्याचा दावा लावायचा. म्हणजे बारा वर्षांची भीती त्याला आहे जो नोटीस देऊन झोपून जाते.

एक मात्र नक्की पाहा, ग्रामपंचायतीचा नमुना ८. घरटॅक्सच्या त्या उताऱ्यात मालकाचं नाव एका रकान्यात अन् भोगवटादाराचं दुसऱ्या रकान्यात असते. भाडेकरू टॅक्स भरते, कधी ग्रामसेवकाला सांगून भोगवट्यात आपलं नाव टाकून घेते, अन् मालक शहरात असते, त्याला काही खबर नाही. नमुना ८ म्हणजे मालकीचा कागद नाही, टॅक्सचा आहे, पण कोर्टात समोरच्यानं तो काढून दाखवला की उगाच सहा महिने त्याच्यावर चर्चा. वर्षातून एकदा उतारा काढून पाहा. सालदाराला वाड्याच्या मागची खोली दिली असेल तं ते अजून वेगळं, त्याच्याकडून भाडं घेत नसाल तं तो कामापुरता राहायला आहे, पाडव्याला साल संपलं की राहायचा हक्क पण संपते असं तुम्ही म्हणू शकता, पण म्हणून त्याचं बिऱ्हाड अंगणात काढून ठेवायचं नाही. तिथंही रस्ता तोच, नोटीस अन् दावा.

नोटिशीवर थोडं थांबतो, कारण सगळी इमारत तिच्यावर उभी राहते अन् लोकांना ती सगळ्यात फालतू वाटते. नोटिशीत कोण मालक, कोण भाडेकरू, भाडं किती, कोणत्या तारखेपासून महिना सुरू होते, कुठल्या महिन्यापासून थकलं, अन् किती दिवसात ताबा द्यायचा हे सगळं पाहिजे. अन् खाली चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, उत्तरेस बोळ, दक्षिणेस मालकाचीच राहती खोली. ह्या चार ओळी लोक बसल्या बसल्या अंदाजानं सांगतात. एका भावानं उगवतीची भिंत मावळतीला सांगितली, तीच नोटिशीत गेली, तीच दाव्यात, तीच हुकूमनाम्यात (कोर्टाच्या निकालाच्या आदेशात), अन् शेवटी बेलीफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, ताबा घ्यायला आला तं कागदावरचं घर अन् समोरचं घर जुळेना. भाडेकरूनं तिथल्या तिथं हरकत घेतली अन् बेलीफ रिपोर्ट लिहून परत गेला. मग दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा तारखा. नोटीस टाईप करायच्या आधी घरासमोर उभं राहून, सूर्य पाहून चार बाजू लिहून आणा, एवढं करा.

टीपी ॲक्टची नोटीस पंधरा दिवसांची. शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी जागा वर्षानं दिली असेल तं सहा महिन्यांची. १९९९ च्या कायद्यात थकबाकीसाठी काढायचं असेल तं थकबाकी मागणारी नोटीस द्यायची अन् नव्वद दिवस थांबायचं, त्याच्या आधी दावा नाही. बरं दावा लावल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्यानं सगळं थकलेलं भाडं, वर पंधरा टक्के व्याज अन् दाव्याचा खर्च कोर्टात भरला अन् पुढंही भरत राहिला तं तो वाचला. मालक तेव्हा लय चिडतात. "मंग मी काय व्याज कमवाले कोर्टात आलो का?" पण कायद्याचा हेतूच तो आहे, भाडं मिळालं ना तुम्हाला.

नोटीस पोस्टानं पोचपावतीसह पाठवायची. रजिस्टर एडी म्हणायची सवय आहे सगळ्यांना, ते २०२५ मधे स्पीड पोस्टातच मिसळून टाकलं. भाडेकरू हुशार असेल तं पोस्टमनला पाहून मागच्या दारानं जाते, किंवा सरळ सांगते नाही घेत. काही फरक नाही पडत, पत्ता बरोबर असेल अन् पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा आला तं कोर्ट साधारण नोटीस मिळाली असंच धरते. ते परत आलेलं पाकीट फोडू नका! लोक उत्सुकतेनं फोडून पाहतात, स्वतःचीच नोटीस, काय पाहायचं आहे त्यात. बंद पाकीट तसंच वकिलाला द्या, ते तसंच दाव्याला लागते.

अन् नोटीस गेल्यावर भाडेकरू काय करते, तं फोनपेवर पैसे टाकून देते. इथं डोकं शांत ठेवायचं. टीपी ॲक्टच्या गावात नोटिशीची मुदत संपल्यावरचं भाडं तुम्ही भाडं म्हणून गपचूप ठेवून घेतलं तं तो म्हणू शकते की मालकानंच नोटीस सोडून दिली, कलम ११३. १९९९ च्या कायद्याच्या गावात उलट, तुम्ही पैसे नाकारले तं तो म्हणेल मी द्यायला तयार होतो, यांनीच घेतले नाही. म्हणून पैसे आले की "मिळाले भाऊ" असा अंगठा पाठवायच्या आधी वकिलाला फोन करा, ते हक्क राखून घेतो असं दोन ओळीत लिहून पाठवतात.

दावा म्हणजे आमच्या इथल्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यासमोर. समन्स जाते, भाडेकरूला लेखी जबाब द्यायला तीस दिवस, ते वाढून नव्वदपर्यंत. तो आलाच नाही तं दावा एकतर्फी चालते. आला तं मुद्दे निघतात, मग पुरावा, मग उलटतपास. अन् दावा चालू असताना भाडंच भरत नसेल तं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १५-ए खाली त्याचा बचाव काढून टाकायचा अर्ज देता येते, हे हत्यार बरेच मालक वापरतच नाहीत.

स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली तं उलटतपास पाहण्यासारखा असते. एका काकूंनी नगरपरिषद हद्दीतला समोरचा गाळा सुनेच्या शिवणकामासाठी मागितला. समोरच्या वकिलानं पहिलाच प्रश्न, सून राहते कुठं? पुण्याला. मुलगा काय करते? कंपनीत आहे. मग शिवणकाम इथं कोण करणार? काकू गडबडल्या नाहीत, म्हणाल्या पोराची कंपनी सुटली, आषाढातच दोघं सामान घेऊन घरी आले, मशीन वरच्या खोलीत आहे अन् गिऱ्हाईक जिना चढत नाही. वकील पुढं काही बोलला नाही. गरज खरी असली की उत्तर असं येते. फक्त हे लक्षात घ्या की ह्या कारणात कोर्ट दोघांचा त्रास तोलते, जागा काढून घेतली तं भाडेकरूला जास्त त्रास की नाही दिली तं मालकाला जास्त. त्याला गावात दुसरा गाळा मिळण्यासारखा आहे का, हे तुम्हीच दाखवून द्या.

किती दिवस लागतात विचारू नका. पेरणीत साक्षीदार येत नाही, कापूस निघाला की पक्षकार येत नाही, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, साहेबांची बदली झाली की नवीन साहेब फाईल पहिल्यापासून वाचतात. केस कुठं आहे ते ई-कोर्ट्स ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकून घरबसल्या दिसते, नुसती तारीख विचारायला एसटीचं तिकीट काढू नका.

हुकूमनामा झाला म्हणजे घर मिळालं असंही नाही. १९९९ च्या कायद्यात तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील होते, तिथून पुढं नागपूर खंडपीठ. स्टे नसेल अन् तरी तो निघत नसेल तं दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकायची, मग बेलीफ कब्जा वॉरंट घेऊन येते. तो दिवस मी एकदा पाहिला, पंच म्हणून मलाच उभं केलं होतं. दार आतून बंद, बेलीफनं वॉरंट वाचून दाखवलं, पोलीस बंदोबस्त होता, कुलूप तोडलं अन् मग एक एक वस्तू लिहिणं सुरू. स्टीलचे गंज चार, पितळी गुंड एक, शिलाई मशीन एक, तुरीचं अर्ध पोतं, देवाचे फोटो. भाडेकरूची म्हातारी आई बाजेवर बसून होती, ती बाज शेवटी काढली. मालक जिंकला होता पण पंचनाम्यावर सही करताना त्याचंही तोंड पाहण्यासारखं नव्हतं, एकाच आळीतले ना दोघं. हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांत करता येते, म्हणून काही लोक तो पेटीत ठेवून देतात अन् समोरचा आपोआप समजेल म्हणून वाट पाहतात. तो नाही समजत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दावा जरूर लावा पण लोकअदालतीची तारीख सोडू नका. दावा लागला की भाडेकरूलाही कळते की आता कधी ना कधी जावं लागेल, तेव्हा तो मुदत मागते, अन् मुदत द्यायला मालकाचं फारसं काही जात नाही. दिवाळी होऊ द्या, पोराची परीक्षा होऊ द्या, अर्धी थकबाकी सोडा, अन् पुरसीसमधे तारीख टाकून घ्या की अमुक दिवशी चाबी देईन, नाही दिली तं रोजचे इतके. लोकअदालतीतला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असते, त्याच्यावर अपील नाही, अन् भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्याच तारखेला नाही निघाला तं सरळ दरखास्त. अन् वकिलाच्या फीची अडचण असेल तं तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्याच आवारात आहे, बाईमाणसाला तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळते, एससी-एसटी पक्षकारांनाही. नवरा गेल्यावर एकट्या राहिलेल्या कितीतरी काकू भाडेकरूच्या दादागिरीला घाबरून गप्प बसतात, त्यांना हे सांगा. भाडेकरू बाई असेल तं तिलाही हेच लागू आहे बरं का.

जाता जाता, वावर बटईनं किंवा मक्त्यानं दिलं असेल तं वर लिहिलेलं काहीच तिथं लावू नका. शेतीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा आहे, १९५८ चा, कुळवहिवाट अन् शेतजमिनीचा, खास विदर्भासाठीचा, अन् तिथं गाठ कोर्टाशी नाही तं तहसीलदाराशी पडते. बटईचे कागद टाईप करता करता त्याच्याही लय गोष्टी जमल्या आहेत, तूर निघाली की लिहितो.